जोडकमाई : तासाला हातात किती उरतं?

पगार तुटपुंजा आहे, नोकरी सोडता येत नाही आणि महिन्याचे शेवटचे दहा दिवस ओढाताणीत जातात. मग माणूस शोधायला लागतो, नोकरी सांभाळून आणखी काय करता येईल? लगेच समोर याद्या येतात. पार्सलं पोचवा, शिकवणी घ्या, व्हिडिओ बनवा, सर्व्हे भरा, जुन्या वस्तू विका. या याद्या खोट्या नसतात. फक्त त्यांत एक आकडा कधीच दिलेला नसतो, आणि सहा महिन्यांनी हातात चार पैसे असतील की नुसता थकवा, हे त्या आकड्यावरच ठरतं. तो आकडा म्हणजे सगळा खर्च आणि सगळा वेळ धरून तासाला हातात उरणारी रक्कम. इथे तोच धरून चालू.

हिशोबाच्या उदाहरणांत मी कुठलंही चलन लिहिलेलं नाही. आकडे समजुतीपुरते आहेत, आपापल्या ठिकाणचे घालून बघा.

आधी तास किती आहेत ते बघा

कमी पगारात टंचाई पैशाची दिसते, पण जोडकाम शोधायला बसलं की कळतं, त्याहून मोठी टंचाई वेळेची आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अगदी पहिला करार १९१९ सालचा. त्याने कारखान्यांतल्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. शंभर वर्षं उलटून गेली तरी जगातले कितीतरी लोक त्या ४८ तासांवरच आहेत, आणि जाण्यायेण्याचा वेळ त्यात धरलेलाच नाही.

दुसरा आकडा २०२१ सालचा. जागतिक आरोग्य संघटना आणि हीच श्रम संघटना यांनी मिळून अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी. चार महिने जास्त राबलं म्हणून लगेच काही होतं असा याचा अर्थ नाही. पण वर्षानुवर्षं तसंच चालवायचं असेल, तर रेघ साधारण कुठे आहे ते यातून दिसतं.

आता वजाबाकी करा. ५५ मधून ४८ गेले, उरले ७. म्हणजे पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याच्या हाताशी जोडकामासाठी आठवड्याला सहा-सात तास असतात, महिन्याला फार तर तीस. कोणी म्हणेल, मी रोज रात्री चार तास करीन. दोन-तीन महिने होईलही. मग झोप तुटते, नोकरीत चुका व्हायला लागतात, आणि ज्या पगारावर घर चालतं तोच धोक्यात येतो.

तास तीसच असतील, तर जास्त राबून कमाई वाढवायला फारशी जागाच उरत नाही. वाढवायचा तो तासाचा दर.

दिसणारा दर आणि उरणारा दर

संध्याकाळी दुचाकीवरून पार्सलं पोचवण्याचं काम घेऊ, कारण सुरुवात करायला सगळ्यात सोपं तेच. अ‍ॅपवर नाव घातलं, कागदपत्रं दिली, की थोड्याच दिवसांत काम सुरू. समजा चार तासांत ४०० मिळाले. स्क्रीनवर हिशोब सरळ दिसतो, तासाला १००.

गाडी ६० किलोमीटर फिरली. पेट्रोल ९०. टायर, ऑइल, ब्रेक, चेन, पुढचं सर्व्हिसिंग आणि गाडीची उतरत जाणारी किंमत यांचे किलोमीटरमागे १ धरले तर आणखी ६०. हे ६० त्या दिवशी खिशातून जात नाहीत, म्हणूनच ते कोणी धरत नाही. चार महिन्यांनी मेकॅनिक बिल हातात ठेवतो तेव्हा ते एकदम जातात. फोनचा डेटा, चार्जिंग वगैरे १०. उरले २४०. शिवाय जिथे जास्त ऑर्डरी पडतात त्या भागात जायला वीस मिनिटं आणि घरी परतायला वीस. म्हणजे वेळ चार तासांचा नाही, चार तास चाळीस मिनिटांचा. २४० ला तेवढ्या वेळाने भागलं तर तासाला ५१ पडतात. दिसत होते १००.

हे काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. उद्याच पैशांची नड असेल तर याच्याइतकं लवकर पैसे देणारं दुसरं फारसं काही नाही. पण ५१ वर उभं राहून निर्णय घ्यायचा, १०० वर नाही. आणि गाडी जोडकामासाठी वापरताना अपघात झाला तर विमा लागू होतो का, हे पॉलिसीत आधी वाचून ठेवायचं. खाजगी वापराचा विमा धंद्यासाठी चालेलच असं नसतं.

घरबसल्या ऑनलाइन कामाचंही तेच. तिथे पेट्रोल जळत नाही, वेळ जळतो. अ‍ॅमेझॉनची मेकॅनिकल टर्क नावाची सेवा २००५ मध्ये सुरू झाली. त्यावर चित्रांना नावं देणं, पावत्या टाइप करणं, प्रश्नावल्या भरणं अशी बारीकसारीक कामं मिळतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या २,६७६ कामगारांनी केलेल्या सुमारे ३८ लाख कामांच्या नोंदी तपासल्या होत्या. निम्म्या कामगारांना तासाला २ डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मिळत होते. अमेरिकेचं तेव्हाचं संघीय किमान वेतन ७.२५ डॉलर. त्याच्या वर पोचणारे कामगार होते ४ टक्के. कामाचे दर मुळातच कमी होते हे खरं, पण वेळ आणखीही दोन ठिकाणी मुरत होता : काम शोधत बसण्यात, आणि करून दिलेलं काम नाकारलं जाण्यात. या दोन्हींचे पैसे कोणी देत नाही.

हा बिनपगारी वेळ जवळजवळ प्रत्येक जोडकामात लपलेला असतो. गिऱ्हाईक शोधणं, भाव ठरवणं, जाणं-येणं, वाट बघणं, राहिलेले पैसे मागत फिरणं. एक महिना वहीत प्रामाणिकपणे लिहून काढा. निम्मी जोडकामं तिथेच गळून पडतात.

नोकरीच्या आतच काही मिळतंय का?

बाहेर पडण्याआधी आहे त्या नोकरीकडे एकदा बघायला हवं. जोडकमाईच्या याद्यांत हे येत नाही, कारण यात कोणाला कमिशन नसतं.

१९१९ च्या त्याच करारात लिहिलंय की जादा तासांचा दर नेहमीच्या दराच्या किमान सव्वापट असावा. अनेक देशांच्या कायद्यांत तो याहून जास्त आहे, दीडपट किंवा दुप्पटसुद्धा. नोकरीत तासाला ६० पडत असतील तर सव्वापटीने ओव्हरटाइमचे ७५ होतात. जाण्यायेण्याचा वेगळा वेळ नाही, पेट्रोल नाही, गिऱ्हाईक शोधायचं नाही. पार्सलच्या ५१ पेक्षा ते सरळसरळ बरे. अट एकच, तो दर खरोखर पदरात पडला पाहिजे. ‘थांब जरा, उद्या बघू’ असं सांगून जादा तास फुकट काढून घेतले जात असतील, तर पहिली जोडकमाई म्हणजे ते थकलेले पैसे. हजेरीच्या तारखा आणि तास स्वतःजवळ लिहून ठेवावेत, आपल्या भागातल्या कामगार कायद्यात दर काय आहे ते बघावं, आणि मग बोलावं.

पगारवाढीचंही गणित करून बघा. महिन्याला २०० तास, तासाला ६०, म्हणजे पगार १२,०००. त्यावर १० टक्के वाढ म्हणजे १,२००. एवढेच पैसे ५१ च्या दराने मिळवायला महिन्याला जवळजवळ २४ तास गाडी फिरवावी लागते. मागितलं की वाढ मिळते असं नाही, आणि कमी पगाराच्या नोकरीत तर साहेब बहुतेक वेळा नाहीच म्हणतो. तरी त्याच प्रकारच्या कामाला दुसरीकडे काय देतात, याची चौकशी फुकट असते. जोडकामासाठी राखलेल्या तीस तासांपैकी पहिल्या महिन्यातले पाच-सहा तास अर्ज करण्यात घालवले तर ते वाया गेले असं समजू नका. थोडा जास्त पगार देणारी दुसरी नोकरी हा कितीतरी लोकांसाठी सगळ्यात भारी जोडधंदा ठरतो.

दर वाढतो कसा

समजा नोकरीतून यापुढे काही निघत नाही. आता बाहेर बघायचं, पण ‘मला काय काय करता येईल’ असं विचारलं की मन भरकटतं. मी रोज जे आठ तास करतो, ते कोणाला अधूनमधून लागतं आणि त्यासाठी माणूस ठेवणं परवडत नाही, असं विचारावं. गोदामात नोंदी ठेवणाऱ्याला साठा मोजता येतो. रिसेप्शनवरच्या बाईंना फोन, वेळा, तक्रारी आणि चिडलेली माणसं सांभाळता येतात. हिशोबाच्या खात्यात बसणाऱ्याला थकबाकीची यादी काढता येते. यातलं काहीही त्यांना ‘कला’ वाटत नाही, कारण आजूबाजूच्या सगळ्यांना तेच येत असतं. पण एकट्याने दुकान चालवणाऱ्याला ते येत नाही, किंवा येत असलं तरी सवड नसते.

गोदामातल्या माणसाचं उदाहरण जरा जवळून बघू. तो ओळखीच्या दुकानदारांना असा निरोप पाठवतो :

‘नमस्कार. मी गोदामात साठ्याच्या नोंदी ठेवण्याचं काम करतो. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, तुमच्या दुकानातला माल मोजून तक्ता करून देईन. काय संपत आलंय आणि काय सहा महिने हललेलं नाही, ते वेगळं दाखवीन. एका वेळचे ५००. निम्मे आधी, निम्मे तक्ता हातात पडल्यावर.’

या निरोपात काम काय, कधी, किती वेळा आणि पैसे किती, हे सगळं आलं. ‘काही काम असेल तर सांगा’ असा निरोप पाठवला असता तर दुकानदार ‘हो, सांगतो’ म्हणाला असता आणि विसरला असता. कोणाला काय काम सांगायचं, हे ठरवण्याचा त्रास समोरच्यावर टाकला की काम मिळत नाही.

पहिल्या वेळी मोजायला तीन तास, तक्ता करायला एक. जाण्यायेण्याचे २० वजा करता उरले ४८०, म्हणजे तासाला १२०. दुसऱ्या महिन्यापासून तक्ता तयारच असतो, कपाटं ओळखीची झालेली असतात, काम तीन तासांत उरकतं. दर झाला १६०. अशी चार दुकानं धरली तर बारा तासांत १,९२०. तेवढ्यासाठी पार्सलवाल्याला सदतीस तास लागतात. दोन दुकानं मिळायला दोन महिने गेले आणि बाकीचे तास रिकामे राहिले, तरी हे गणित मोडत नाही.

इथे दर तीन कारणांनी चढला. पहिलं, भाव तासाचा नाही, कामाचा ठरवला. तासावर भाव असता तर काम लवकर उरकणाऱ्याचं नुकसान झालं असतं. दुसरं, काम दर महिन्याला परत येणारं आहे, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायचा बिनपगारी वेळ एकदाच गेला. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवखा माणूस आपल्या पगारावरून भाव काढतो : मला तासाला ६० मिळतात, तर ७० सांगू का? पण दुकानदाराला आपला पगार ठाऊक नाही आणि त्याच्याशी त्याला देणंघेणंही नाही. न हलणाऱ्या मालात त्याचे किती अडकलेत, संपलेल्या मालामुळे गिऱ्हाईक किती वेळा परत गेलं, यावर त्याला ५०० जड वाटतात की हलके ते ठरतं.

शिकवणीत दर वाढवायची आणखी एक सोय आहे. एका मुलाला तासाला १०० घेऊन शिकवलं आणि अर्धा तास तयारीला गेला, तर तासाला ६७ पडतात. त्याच विषयाची चार मुलं प्रत्येकी ७० घेऊन एकत्र बसवली, तर दीड तासाचे २८०, म्हणजे तासाला १८७. पालकांना स्वस्त पडलं आणि आपल्याला जवळजवळ तिप्पट. आठवीचं गणित, संगणकाची सुरुवात, शिवणकाम, गाडी चालवणं, एखादी भाषा, यांपैकी काही ना काही पुष्कळांना शिकवता येतं. मात्र गाडी चालवायला शिकवण्यासाठी परवाना लागतो आणि ती चार जणांना एकदम शिकवताही येत नाही, हे लक्षात ठेवा.

सफाई, बागकाम, दुरुस्ती, आजारी माणसाची सोबत अशी अंगमेहनतीची कामं एजन्सीमार्फत केली की गिऱ्हाईक देतं त्यातला मोठा भाग मध्येच राहतो. थेट घरं मिळवली की तो भाग आपला. पण नोकरीत ज्या कंपनीच्या गिऱ्हाइकांकडे जाता, त्यांनाच परस्पर ‘मी स्वस्तात करून देतो’ म्हणू नका. तसं न करण्याचं कलम बऱ्याच करारांत असतं, आणि नसलं तरी अशा गोष्टी लपत नाहीत. ऑनलाइन मध्यस्थही हिस्सा घेतातच. फायव्हर हे संकेतस्थळ काम करणाऱ्याच्या मिळकतीतले २० टक्के ठेवतं. पहिली चार कामं आणि चार चांगले अभिप्राय मिळवायला ते द्यावेत, पण भाव ठरवतानाच ते २० टक्के आत धरावेत.

अ‍ॅपवरची कामं करायचीच असतील तर कोणत्या वेळी करायची, यानेही दर बदलतो. कॅमेरर, बॅबकॉक, लोवेनस्टीन आणि थेलर या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांवर एक निबंध लिहिला होता. त्यांना असं दिसलं की बरेच चालक रोजच्या कमाईचं एक लक्ष्य धरतात. धंदा जोरात असलेल्या दिवशी ते लवकर भरतं म्हणून लवकर घरी जातात, आणि मंदीच्या दिवशी ते भरेपर्यंत फिरत राहतात. पुढच्या संशोधकांनी या निष्कर्षावर बराच वाद घातला आहे, पण त्यातली सूचना कामाची आहे. ‘रोज ३०० झालेच पाहिजेत’ असं ठरवलं की सगळ्यात वाईट तास सगळ्यात जास्त भरले जातात. मागणीच्या वेळा गाठाव्यात आणि मंदीच्या दिवशी सरळ झोपावं.

एकदा करा, कायम कमवा?

व्हिडिओ, ब्लॉग, ई-पुस्तक, तयार नमुने, ऑनलाइन कोर्स. यांचं आकर्षण कळतं, कारण यांत कमाई तासांना बांधलेली नसते. पण ती सुरू कधी होते ते पाहा. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं, ही नेहमीच्या व्हिडिओंसाठीची अट आहे. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एक प्रेक्षक सरासरी चार मिनिटं थांबला तर साठ हजार वेळा व्हिडिओ पाहिला गेला पाहिजे, तेव्हा दार उघडतं. त्यानंतर जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के बनवणाऱ्याला. तोवर दर शून्य.

हे झाडाची लागवड करण्यासारखं आहे, या हंगामाची चूल त्यावर पेटत नाही. आवड असेल तर तीस तासांतले पाच द्यावेत. महिन्याचा खड्डा भरण्यासाठी त्यावर अवलंबून राहू नये, आणि त्यासाठी कॅमेरा हप्त्यावर तर मुळीच घेऊ नये.

माल घेऊन विकण्याबद्दलही थोडं. १०० ला घेऊन १५० ला विकायचं म्हटलं की ५० टक्के नफा दिसतो. पन्नास नग घेतले, ५,००० गुंतले. पस्तीस विकले गेले, ५,२५० आले. नफा २५०, आणि पंधरा नग कपाटात. सत्तर टक्के माल खपूनही ही अवस्था, त्यात फोटो काढण्याचा, पाठवण्याचा आणि परत आलेला माल बदलून देण्याचा वेळ धरलेला नाही. आगाऊ ऑर्डर घेऊन मगच माल आणला तर हा धोका बराच कमी होतो. घरातल्या न वापरल्या जाणाऱ्या वस्तू विकणं चांगलंच, पण त्या संपतात.

पैसे उलट्या दिशेने जायला लागले की थांबा

नड असलेल्या माणसाभोवती फसवणारे जमतात. त्यांच्या युक्त्या जुन्याच असतात. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून लोकांकडून पैसे घेतले. दुसऱ्या देशात टपाल तिकिटांसाठी वटवता येणाऱ्या आंतरराष्ट्रीय टपाल कूपनांच्या व्यवहारातून नफा होतो असं तो सांगायचा. प्रत्यक्षात नव्या लोकांचे पैसे जुन्यांना जात होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळं कोसळलं.

हल्लीचा प्रकार फोनवर येतो. अनोळखी नंबरावरून निरोप : रोज अर्धा तास, व्हिडिओ लाइक करायचे किंवा हॉटेलांना रेटिंग द्यायचं. पहिल्या दिवशी थोडे पैसे खरोखर खात्यात येतात, आणि विश्वास तिथेच बसतो. मग एका ग्रुपमध्ये घेतात, तिथे बाकीचे सगळे आपल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘प्रीमियम टास्क’ येतं, त्यासाठी आधी थोडी रक्कम भरायची. स्क्रीनवर आपली शिल्लक फुगत जाते. काढायला गेलं की कळतं, आधी ‘कर’ भरा, मग ‘खातं खुलं करण्याची फी’ भरा. ग्रुपमधली माणसं बहुधा त्यांचीच असतात आणि शिल्लक म्हणजे नुसता स्क्रीनवरचा आकडा. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे अशा टास्क-फसवणुकीच्या २०२३ मध्ये सुमारे ५,००० तक्रारी आल्या होत्या, आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,०००.

ओळखायची खूण साधी आहे. कामात पैसे काम देणाऱ्याकडून करणाऱ्याकडे जातात. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, किट, अनामत, कर, नाव काहीही असो, कमवण्यासाठी आधी आपणच त्यांना द्यायचे असतील तर तिथून उठावं.

साखळीतल्या विक्रीला हाच नियम लावा. माल विकून मिळणारं कमिशन आणि माणसं जोडून मिळणारं कमिशन, यांतलं मोठं कोणतं ते विचारा. माणसं जोडण्याचं मोठं असेल तर नुसता गुणाकार करा. प्रत्येकाने सहा जण जोडायचे म्हटलं तर तेराव्या पायरीला १,३०६ कोटी माणसं लागतात. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या थोडी वर आहे.

आणि एक प्रकार असा, ज्यात पैसे जात नाहीत पण माणूस तुरुंगात जाऊ शकतो. ‘तुमच्या बँक खात्यात रक्कम येईल, ती पुढे पाठवा आणि काही टक्के ठेवून घ्या.’ हा चोरीचा पैसा फिरवण्याचा मार्ग असतो. मला ठाऊक नव्हतं असं सांगून त्यातून सुटता येईलच याची खात्री नसते.

करार, कर आणि खातं

नेमणूकपत्र काढून वाचा. काही मालक दुसरं काम पूर्ण वर्ज्य करतात, काही फक्त स्पर्धकाकडे काम करायला मनाई करतात, काही आधी कळवायला सांगतात. कळवायचं असेल तर लेखी कळवावं आणि उत्तरही लेखी घ्यावं. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं सॉफ्टवेअर आणि कामाची वेळ यांना जोडकामात हात लावू नये. कामाचा दर्जा उत्तम असूनही माणसं यावरून पकडली जातात.

करात एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. उत्पन्नावर चढता कर असतो तिथे जोडकमाई पगाराच्या डोक्यावर जाऊन बसते, त्यामुळे तिला सगळ्यात वरचा लागू दर लागतो. शिवाय पगारातून मालक कर कापून घेतो, जोडकमाईतून बहुधा कोणीच कापत नाही. वर्षअखेरीला एकदम मागणी येते आणि तोवर पैसे खर्च झालेले असतात. सरकारी मदत उत्पन्नाच्या मर्यादेवर मिळत असेल तर थोड्या जादा कमाईने ती बंदही होऊ शकते, तेव्हा मर्यादा आधी बघून घ्यावी. पेट्रोल, प्रवास, साहित्य यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. पुष्कळ ठिकाणी धंद्याचा खर्च वजा करूनच कर लागतो.

जोडकमाईचं खातं वेगळं ठेवलं तर दोन गोष्टी सोप्या होतात. हिशोब आपोआप राहतो, आणि पैसे महिन्याच्या खर्चात विरघळत नाहीत. त्या खात्यातून पहिल्यांदा महागडं कर्ज फेडावं. १०,००० चं कर्ज महिन्याला ३ टक्क्यांनी घेतलं असेल तर दर महिन्याला ३०० नुसतं व्याज जातं. पार्सलच्या ५१ च्या दराने ते सहा तासांचं काम झालं. कर्ज फिटलं की ते सहा तास दर महिन्याला परत मिळतात, आणि त्यासाठी कोणतंही गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

जोडकामाचा दर नोकरीच्या दरापेक्षा वर गेला की नोकरी सोडायचा विचार येतोच. तेव्हा तासाच्या दरासोबत नोकरीतल्या न दिसणाऱ्या गोष्टी धरा : आजारपणातली भरपगारी रजा, विमा, निवृत्तीसाठी कापले जाणारे पैसे, पगारपत्रकावर मिळणारं कर्ज. शिवाय आज १६० चा दर निघतोय तो महिन्यातल्या बारा तासांवर. नोकरीसारखे महिन्याचे २०० तास भरायला चार नाही, पासष्टेक दुकानं लागतील, आणि ती शोधायचा वेळ पुन्हा बिनपगारीच असेल. म्हणून आधी नोकरीचे तास कमी करून मिळतात का, आठवड्यातला एक दिवस सुटतो का, ते विचारून बघावं. त्या एका सुटलेल्या दिवसात आणखी किती दुकानं मिळतात, ते तीन-चार महिन्यांत कळतं.